बोट कधी उचलायचं

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणमध्ये शिरलं आणि आमच्या तळमजल्यावर छातीच्या वर चढलं. ओसरल्यावर घरात वीतभर चिखल होता. तो उपसून झाल्यावर खरं नुकसान दिसलं. स्वयंपाकघरातली पार्टिकल बोर्डाची कपाटं फुगून बिजागऱ्यांपाशी भुसा होऊन गळत होती, प्लायचे दरवाजे पीळ खाऊन वाकडे झाले होते. बाबांनी माझ्या लहानपणी करून घेतलेलं सागवानी कपाट मात्र चिखल धुतल्यावर जसंच्या तसं उभं होतं. त्याच्या पितळी बिजागऱ्या तशाच फिरत होत्या.

सगळा गाव एकाच वेळी घर उभं करत होता, त्यामुळे सुतार मिळणं मुश्कील. ऑगस्टमध्ये मी बॅटरीवर चालणारं, १८ व्होल्टचं ड्रिल मशीन घेतलं. मी शाळेत विज्ञान शिकवते. तोवर हातात डिसमिस आणि हातोडी यापलीकडे काही धरलेलं नव्हतं. तेव्हापासून घरची कपाटं, बहिणीकडचे दरवाजे, शाळेच्या ग्रंथालयाचे रॅक, शेजारच्या आजींचा झोपाळा धरून कितीतरी शे स्क्रू या हातानं बसवले आणि तितकेच काढलेही. शिकवलं ते पलीकडच्या गावातल्या एका सुतारकाकांनी. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण पुराच्या त्या दोन महिन्यांत रोज कुणा ना कुणाच्या घरी उभा असायचा. मशीनच्या डब्यातल्या पुस्तिकेत कुठलं बटण कशाचं ते छापलेलं असतं. हाताला काय कळायला हवं ते तिथे नसतं, म्हणून लिहिते आहे.

१. आधी मोकळा हात वाचवा.

माझा पहिलाच स्क्रू. सागाची फळी मांडीवर, डाव्या हाताच्या चिमटीत स्क्रू, उजव्या हातात मशीन. बटण पूर्ण दाबलं. बिट स्क्रूच्या डोक्यावरून निसटलं आणि डाव्या तर्जनीत, नखाच्या अगदी कडेला घुसलं. नख महिनाभरानं गळून पडलं. नवीन आलं ते आजही एका बाजूला किंचित दुमडलेलं आहे.

दुसऱ्या दिवशी काकांनी बोटाची पट्टी बघितली. "बाई, लाकूड शिकंज्यात द्या," एवढंच म्हणाले आणि पिशवीतून दोन सी-क्लॅम्प काढून फळी टेबलाला आवळून दिली. त्या दिवसापासून क्लॅम्पशिवाय मी लहानातलं लहान काम करत नाही. सहा इंची दोन क्लॅम्प मशीनच्या किमतीपुढे काहीच नाहीत, आणि मशीन घेणाऱ्या प्रत्येकाला मी तेच आधी घ्यायला सांगते. स्क्रू उभा धरण्यापुरतं बोट लावायचं. दोन आटे लाकडात रुतले की हात मागे.

फळीच्या पलीकडे काय आहे तेही बघायचं. १९ मिलिमीटरचे दोन प्लाय एकावर एक ठेवले की जाडी होते ३८. दीड इंची स्क्रूही ३८ मिलिमीटरचाच. डोकं जरा खोल बसलं की टोक पलीकडून बाहेर येणार, आणि तिथे आधाराला कुणाचा तळहात असेल तर त्यात जाणार. अशा जोडाला सव्वा इंची, म्हणजे ३२ चा स्क्रू. हे गणित सुरू करण्यापूर्वी करायचं.

२. कड्यावरचे आकडे वेगाचे नसतात.

बिट जिथे धरलं जातं त्या चकच्या मागे एक फिरतं कडं असतं. त्यावर १ पासून पंधरा-वीसपर्यंत आकडे आणि शेवटी ड्रिलचं चित्र. दुकानात मला ते आकडे वेगाचे म्हणून सांगितले गेले होते. ते वेगाचे नाहीत. जोर कुठे तोडायचा त्याचे आहेत. आत क्लच असतो, स्प्रिंगनं दाबून धरलेला. स्क्रूला लागणारा पीळ ठरवलेल्यापेक्षा वाढला की क्लच घसरतो, कडकड आवाज येतो, आणि मोटर फिरत राहिली तरी बिट थांबतं. आकडा वाढवला की स्प्रिंग जास्त आवळली जाते. ड्रिलच्या चित्रावर क्लच पूर्ण बंद असतो आणि मशीनचा सगळा जोर थेट स्क्रूवर जातो. माझं बोट फुटलं त्या दिवशी कडं चित्रावर होतं.

आता मी त्याच लाकडाचा टाकाऊ तुकडा घेते, ३ किंवा ४ वर सुरुवात करते आणि डोकं पृष्ठभागाशी बरोबर बसेपर्यंत एकेक आकडा वाढवत नेते. माझ्या मशीनवर प्लायमध्ये, आधी भोक पाडलेलं असेल तर, आठ नंबरचा दीड इंची स्क्रू ७ वर बसतो. तुमच्या मशीनवर वेगळा आकडा येईल. तो पेन्सिलीनं डब्याच्या झाकणावर लिहून ठेवा.

वरच्या सरकत्या बटणावर १ आणि २ असतं. तो गिअर. १ म्हणजे हळू आणि जोरकस, २ म्हणजे वेगवान आणि कमी जोराचा. स्क्रूला १, लाकडातल्या भोकाला २. मशीन फिरत असताना हे बटण सरकवू नका, आतले दाते खाल्ले जातात.

३. स्टार म्हणजे एकच खाच नाही.

आपल्याकडे हार्डवेअरच्या दुकानात चार पाकळ्यांच्या सगळ्या खाचांना 'स्टार' म्हणतात. त्यात निदान दोन जाती आहेत. एक फिलिप्स, बिटावर 'पीएच' लिहिलेलं असतं. अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या हेन्री फिलिप्स यांनी ती १९३० च्या दशकात बाजारात आणली आणि मोटारींच्या कारखान्यांनी उचलली, कारण बिट खाचेत आपोआप मध्यावर बसतं. दुसरी पोझिड्राइव्ह, 'पीझेड'. हिच्या डोक्यावर पाकळ्यांच्या मध्ये आणखी चार बारीक रेघा दिसतात. बिजागऱ्यांबरोबर आणि तयार फर्निचरबरोबर येणारे स्क्रू पुष्कळदा या जातीचे असतात. 'पीएच' चं बिट 'पीझेड' मध्ये जातं, फिरतंही, पण भिंतींना नीट टेकत नाही आणि जोर लागला की वर चढून निसटतं. फिलिप्सच्या खाचेच्या भिंती मुळातच तिरक्या असतात, त्यामुळे योग्य बिट असलं तरी वरून दाब कमी पडला तर तेच होतं.

परीक्षा सोपी आहे. स्क्रू बिटावर बसवून आडवा धरा आणि बोटानं हलवा. लुटुलुटु हलला तर बिट चुकीचं किंवा झिजलेलं. लाकडाच्या नेहमीच्या आठ नंबरच्या स्क्रूला २ नंबरचं बिट लागतं, सहा नंबरलाही बहुधा तेच. बारीक स्क्रूला १.

बिट झिजतं, हे मला बरेच दिवस कळलं नव्हतं. उजेडात धरून कडा बघा. चकाकणाऱ्या गोलसर कडा दिसल्या की ते बिट फेकून द्या. एका झिजक्या बिटापायी मी एका दुपारी अकरा स्क्रूंची डोकी घालवली आहेत.

कॅनडातल्या पीटर रॉबर्टसन या विक्रेत्याची गोष्ट मी वर्गात सांगते. गिऱ्हाइकांना चालवून दाखवताना डिसमिस सरळ खाचेतून सटकला आणि त्याचा हात कापला. मग १९०८ मध्ये त्यानं चौकोनी खाचेचा स्क्रू काढला आणि पुढच्या वर्षी पेटंट घेतलं. चौकोनी खाचेतून बिट सहसा निसटत नाही. कॅनडात तो स्क्रू आजही घरोघरी आहे. माझ्या तर्जनीवरून हात फिरवताना मला तो माणूस जवळचा वाटतो.

४. स्क्रूला वाट द्या.

यावर मी सगळ्यात जास्त बोलते, कारण यातच सगळ्यात जास्त नुकसान होताना बघितलं आहे.

पुरानंतर आमच्या मागच्या दाराची चौकट नवीन केली. लाकूड फणसाचं, घरच्याच झाडाचं, सहा वर्षं पडवीत सुकवलेलं. मी शाळेत होते आणि बाहेरून आलेली एक टोळी काम करून गेली. भोक न पाडता, थेट मशीननं स्क्रू मारले होते, तेही टोकापासून अर्ध्या इंचावर. संध्याकाळी घरी आले तेव्हा चौकटीच्या पायाला वीतभर तडा होता. रात्रीत तो आणखी वाढला. फणसाचं ते लाकूड पुन्हा मिळणार नव्हतं. तो तडा मी अजून बुजवलेला नाही. नववीच्या मुली घरी आल्या की त्यांना दाखवते.

स्क्रू लाकडात शिरतो तेव्हा त्याच्या जाडीइतकं लाकूड कुठे तरी जायला हवं. भोक नसेल तर धागे बाजूला रेटले जातात. फळीच्या मधोमध ते दाबून बसतात, टोकाजवळ त्यांना धरायला पुढे लाकूडच नसतं, मग ते उकलतात. आडवा स्क्रू पाचरीसारखं काम करतो.

भोक किती जाड? काकांनी दाखवलेली पद्धत अशी: स्क्रू डोळ्यांपुढे धरायचा आणि त्याच्यापुढे भोकाचं बिट. स्क्रूचा मधला दांडा बिटामागे पूर्ण लपला पाहिजे आणि दोन्ही बाजूंनी फक्त आटे दिसले पाहिजेत. तेवढं भोक. मोजमापात सांगायचं तर आठ नंबरचा स्क्रू सव्वाचार मिलिमीटरच्या आसपास असतो. सागाला, फणसाला मी ३ चं बिट लावते, प्लायला आणि मऊ लाकडाला अडीचचं. खोली स्क्रूच्या लांबीपेक्षा जरा कमी. बिटावर तेवढ्या अंतरावर चिकटपट्टीचा झेंडा लावायचा. झेंड्यानं भुसा झाडायला सुरुवात केली की थांबायचं.

हे झालं खालच्या लाकडाचं. वरच्या फळीतलं भोक वेगळं, आणि हे मला दोन वर्षं कुणी सांगितलं नव्हतं. दोन फळ्या जोडताना मध्ये कागदाएवढी फट राहायची. स्क्रू कितीही आवळला तरी फट मिटेना. कारण आटे दोन्ही फळ्यांत सारखेच रुतलेले. दोघी आहेत त्या अंतरावरच बांधल्या गेल्या. वरच्या फळीतलं भोक साडेचार मिलिमीटरचं करा, म्हणजे स्क्रू त्यातून अलगद सरकला पाहिजे. मग आटे फक्त खालच्या लाकडाला धरतात आणि डोकं वरच्या फळीला खाली ओढतं. फट मिटताना डोळ्यांना दिसते. पहिल्यांदा ती मिटली तेव्हा मी तो जोड तीनदा उघडून पुन्हा बसवला.

चपट्या डोक्याच्या स्क्रूला वर उतरती वाटी करावी लागते. त्याचं वेगळं बिट मिळतं, जरूर घ्या. आणि कडक लाकडात स्क्रूच्या आट्यांना मेणबत्ती चोळा. आमच्याकडे पूर्वी साबण चोळायचे, पण साबण ओल धरतो आणि कोकणात त्यानं लोखंडी स्क्रू आतल्या आत गंजतो. मेण बरं.

काकांच्या पिशवीत आजही सामता आहे. दांड्याला दोरीचा वेढा घालून धनुकलीनं पुढेमागे फिरवायचा, आणि खाली पातं गरगरतं. पितळी कडीसाठी बारीक भोक पाडायचं असेल तर ते अजून तोच काढतात. त्याला वेळ लागतो. त्या वेळात लाकूड कडक आहे की मऊ, आत गाठ आहे का, हे हाताला कळत जातं. मशीननं भोक पाडताना तेवढी चाहूल घ्यायला मी मुद्दाम हळू जाते.

५. बोट उचलणं हेच कसब.

मशीन चालवणं म्हणजे बटण दाबणं असं वाटतं. मला सगळ्यात जास्त वेळ बटण सोडायला शिकण्यात लागला.

आधी उभं राहणं. स्क्रू, बिट, मनगट आणि कोपर एका रेषेत. मशीनची मूठ जरा उंच, चकच्या बरोबर मागे धरली की दाब सरळ पुढे जातो. खालच्या टोकाला धरली तर मशीन वाकडं होतं आणि बिट खाचेच्या एकाच कडेला घासतं. फिरवण्याची चिंता मशीननं करायची. आपण दाबायचं, आणि वाटतं त्यापेक्षा जास्त दाबायचं.

सुरुवात बटणावर नुसतं बोट टेकवून. स्क्रू कोणत्या बाजूला कलतो ते पहिल्या दोन फेऱ्यांतच दिसतं, आणि सरळ करायची संधीही तेवढीच असते. मग मध्यम गतीनं आत. आता ऐका. मोकळ्या स्क्रूचा आवाज बारीक आणि एकसारखा असतो. जसजसे जास्त आटे रुततात तसा तो उतरत जातो, जड होतो. डोकं वाटीत टेकायच्या क्षणी मोटर किंचित कण्हते आणि मुठीत एक छोटासा झटका येतो. तो यायच्या अगोदर बोट वर आलं पाहिजे. झटक्यानंतरची एक फेरीही जास्त आहे: कडक लाकडात स्क्रू तुटतो, मऊ लाकडात आटे सोलवटतात आणि स्क्रू नुसताच फिरत राहतो. वरून बघणाऱ्याला तो बसलेलाच दिसतो. महिन्याभरानं दार लोंबकळायला लागतं.

बाहेरून चटकन कळत नाही असं हे नुकसान आहे, म्हणून मला ते तडा जाण्याहून वाईट वाटतं.

मी क्लच लावलेला असला तरी शेवटच्या दोन फेऱ्यांआधी थांबते आणि डिसमिस घेते. शेवटची पाव फेरी हातानं. बिजागरीला तर कायम हातानं. वेळ मोजून बघितला, बारा स्क्रूंना तीन मिनिटं जास्त लागली.

६. मशीन तुम्हालाच फिरवू शकतं.

स्क्रू अडला आणि बोट बटणावरच राहिलं तर फिरायला मोकळं राहतं ते मशीन, आणि त्याला जोडलेलं आपलं मनगट. १९६० च्या दशकात अमेरिकेच्या जेमिनी अंतराळमोहिमेसाठी ब्लॅक अँड डेकर कंपनीनं बॅटरीवरचं एक खास पान्ह्याचं यंत्र तयार केलं होतं, ते याच कारणानं. तिथे पायाखाली जमीन नाही. बोल्ट घट्ट असेल तर साधं यंत्र अंतराळवीरालाच गरगर फिरवेल. आपल्या पायाखाली जमीन आहे, पण आपण शिडीवर असतो, एका पायावर वाकलेले असतो, हात डोक्यावर असतो. शिडीवर असाल तर कड्यावरचा आकडा दोनानं कमी करा. जाड भोक पाडताना बाजूची जादा मूठ मिळाली असेल तर ती लावा. माझं मनगट एकदा असं मुरगळलं आणि तीन आठवडे फळ्यावर लिहिताना दुखलं.

७. कुठला स्क्रू, हे पाणी ठरवतं.

बाबांच्या कपाटाचे स्क्रू पितळी होते, सरळ खाचेचे. पाण्यात दीड दिवस राहूनही त्यांना काही झालं नाही. स्वयंपाकघरातले काळे स्क्रू मात्र आठवड्यात तांबूस झाले आणि काढताना डोकी तुटून हातात आली. ते काळे स्क्रू जिप्सम बोर्डासाठी बनवलेले असतात: कडक, ठिसूळ, आडवा भार आला की मोडणारे. स्वस्त आणि भराभर जातात म्हणून ते आज कपाटाला, बिजागरीला, पलंगालाही मारले जातात. माझं मत स्पष्ट आहे: वजन पेलणाऱ्या कोणत्याही जोडाला काळा स्क्रू लावू देऊ नका, आणि सुतारकाम करून घेत असाल तर स्क्रूचा पुडा स्वतः आणून द्या.

किनारपट्टीला आणि नदीकाठाला स्टेनलेस किंवा पितळ. सागात साधा लोखंडी स्क्रू दमट हवेत भोवती काळा डागही सोडतो. पण हे दोन्ही धातू मऊ. पितळी स्क्रू सागात मशीननं मारला की मधोमध तुटतो, आणि अर्धा भाग आत राहिला की तो काढणं म्हणजे लाकूड कोरणं. म्हणून आधी त्याच मापाचा पोलादी स्क्रू मेण लावून आत घालायचा, आटे पाडून घ्यायचे, काढायचा, आणि त्याच वाटेनं पितळी स्क्रू हातानं. स्टेनलेसला मशीन चालेल, पण हळू. वेगात तापला की डोकं लवकर जातं.

८. जुन्या भोकात नवे आटे पाडू नका.

काढलेला स्क्रू परत लावताना आधी उलटा फिरवा, हातानं, हलका दाब देऊन. एका जागी 'टक' असा बारीक धक्का लागतो आणि स्क्रू केसभर खाली बसतो. तिथून सुलटा फिरवायचा. तो जुन्याच आट्यांत जातो. पार्टिकल बोर्डात आणि एमडीएफमध्ये हे केलं नाही तर दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला भोकात धरायला काही उरत नाही. तशी वेळ आलीच तर बांबूच्या सळ्या किंवा आगपेटीच्या गुल काढलेल्या काड्या फेव्हिकॉलमध्ये बुडवून भोकात ठासा, एक रात्र जाऊ द्या, सकाळी पातीनं कापून नवं बारीक भोक पाडा. फुगून भुसा झालेल्या बोर्डावर मात्र यातलं काही चालत नाही. मी चार रविवार त्यात घालवले. तो बोर्ड बदलायलाच हवा.

९. भिंतीत काय आहे ते विचारा.

भिंतीत तारा असतात, न्हाणीघराच्या आणि स्वयंपाकघराच्या भिंतीत पाण्याचे नळ. स्विचबोर्डाच्या सरळ वर, सरळ खाली आणि त्याच उंचीवर आडवं भोक पाडू नका. तारा बहुधा त्याच रेषांत नेलेल्या असतात. पण पूर्वीच्या वायरमननं तिरक्या नेल्या असतील तर ते वरून दिसणार नाही, म्हणून त्या खोलीचा एमसीबी बंद करा. बॅटरीवरच्या मशीनचा हा मोठा फायदा आहे, वीज बंद ठेवून काम करता येतं.

आमच्याकडे चिऱ्याच्या भिंती. जांभा मऊ आणि सच्छिद्र, त्यात हातोडीच्या चित्रावर, म्हणजे ठोकत भोक पाडण्यावर, मशीन लावलं की सहाचं भोक आठचं होतं आणि स्क्रू धरणारी गिट्टी सैल बसते. मी आधी हातोडी बंद ठेवूनच बघते. चिऱ्याच्या मधोमध भोक, सांध्यात नाही, आणि गिट्टी नेहमीपेक्षा लांब.

१०. ओढणी, बांगड्या, केस.

ओढणी काढून ठेवा, पदर खोचा, वेणी आत घाला, बांगड्या आणि अंगठ्या उतरवा. हातमोजे घालू नका. फिरत्या बिटात कापड अडकलं की बोटही ओढलं जातं. चष्मा मात्र हवाच. डोक्यावर हात करून भोक पाडताना भुसा सरळ डोळ्यात येतो, आणि ठिसूळ स्क्रूचं डोकं तुटलं तर तेही उडतं. बिट बदलताना बॅटरी काढा. घाई असेल तर निदान उलट-सुलट करायचं बटण मध्यावर आणा, म्हणजे दाबलं तरी मशीन फिरत नाही.

११. बॅटरी.

उन्हात ठेवलेल्या गाडीत नको. तापलेली असेल तर थंड झाल्यावरच चार्ज करा. महिनाभर वापरणार नसाल तर अर्धी भरून कोरड्या जागी ठेवा, पार उतरलेली ठेवू नका. फुगली, वास आला किंवा पाण्यात बुडाली तर पुन्हा चार्जरला लावायची नाही. शेजारच्या एका घरी पुरात भिजलेली बॅटरी वाळवून चार्जरला लावली होती. धूर निघाला, घरात माणूस जागं होतं म्हणून निभावलं.

१२. डोकं जायला लागलं की तिथेच थांबा.

बिट एकदा कर्रकन घसरलं, म्हणजे खाच जायला सुरुवात झाली. बहुतेक जण अशा वेळी बटण आणखी दाबतात, मीही दाबायची. त्या दोन सेकंदांत खाचेची वाटी होते. थांबा, बिट बदला, नवीन कडांचं लावा. तरी घसरलं तर खाच आणि बिट यांच्यामध्ये रुंद रबरबँडचा तुकडा ठेवून हातानं, पूर्ण वजन टाकून, सावकाश उलटा फिरवा. डोकं वर असेल तर पक्कड. तेही नाही तर हॅक्सॉच्या पात्यानं डोक्यावर आडवी चीर पाडा आणि सरळ डिसमिस वापरा. आजवर या तिन्हींपैकी एकानं काम भागलं नाही असं माझ्याकडे दोनदाच झालं आहे. तेव्हा डोकं जाड बिटानं उडवून, वरची फळी सुटल्यावर उरलेला दांडा पकडीनं धरून काढला.

१३. मुलींच्या हातात द्या.

शाळेचे ग्रंथालयाचे रॅक आम्ही नववीच्या वर्गाबरोबर जोडले. एकूण दोनशे सोळा स्क्रू. पहिल्या दिवशी कुणालाच मशीन दिलं नाही. प्रत्येकीनं आणि प्रत्येकानं डिसमिसनं पाच स्क्रू बसवले, तळहाताला फोड येईपर्यंत. दुसऱ्या दिवशी मशीन हातात आलं तेव्हा स्क्रू कुठे जड होतो हे त्यांच्या मनगटांना ठाऊक होतं. एक मुलगी, वर्गात फारसं न बोलणारी, डोळे मिटून काम करत होती. मी रागावणार तेवढ्यात तिनं बरोबर वेळेवर बोट उचललं. "बाई, आवाज बदलतो," म्हणाली. डोळे उघडे ठेवायला मी तिला सांगितलंच, पण तिचे बाविसाच्या बावीस स्क्रू सारखे बसले होते. त्या रॅकवर आज पुस्तकं गच्च भरली आहेत आणि एकाही फळीत तडा नाही.

तुमच्या घरी असं मशीन कपाटावर डब्यात पडून असेल तर या रविवारी खाली काढा. हार्डवेअरच्या दुकानातून आठ नंबरच्या दीड इंची स्क्रूंचा एक पुडा आणि २ नंबरचं नवीन बिट आणा, सुताराकडून एक जाडजूड टाकाऊ तुकडा मागून घ्या, तो टेबलाला आवळा आणि पन्नास स्क्रू बसवा. पंचवीस भोक पाडून, पंचवीस न पाडता. मग सगळे काढा आणि तुकडा करवतीनं मधोमध कापून आत बघा.